पुण्यातील संध्याकाळींविषयी भाचीस पत्र



पुण्यात नाटक, गाणे, नृत्य, व्याख्यान आणि अलीकडे एकट्याने सादर करावयाचे विनोदी कार्यक्रम यांची एवढी रेलचेल असते की, शिक्षणासाठी नव्याने आलेल्या रसिकाला कार्यक्रम मिळण्याची अडचण पडत नाही. अडचण पडते ती निवडीची, आणि निवड चुकली तरी ती चुकली हे ध्यानात येण्याइतकी उसंत न मिळण्याची. भाचीने डिसेंबरचे जे वेळापत्रक पाठवून त्यावर अभिप्राय मागितला आहे, त्यात एकही संध्याकाळ रिकामी नाही, आणि रविवारी तर दुपारचे नाटक व रात्रीची मैफल यांच्यामध्ये शहर ओलांडण्यापुरताच वेळ राखलेला आहे. हा उत्साह मोडण्याचा येथे हेतू नाही. विशीत जे पाहिले-ऐकले जाते त्यावरच पुढची रुची उभी राहते, हे मान्य करूनच हा मजकूर लिहिला आहे. आणि त्यातला मुख्य आग्रह एवढाच की, महिन्यात वीस कार्यक्रम एकेकदा पाहण्यापेक्षा दहाच पाहावेत आणि त्यांतले दोन-तीन पुन्हा पाहावेत.

हा आग्रह लहरीपणाचा वाटण्याचा संभव असल्याने त्याचे कारण सांगणे प्राप्त आहे. शुभारंभाच्या प्रयोगात, म्हणजे तिकीट लावून होणाऱ्या पहिल्या खेळात, नट संहितेच्या धाकात असतात, प्रकाशयोजना सांभाळणाऱ्याचा हात अजून बसलेला नसतो, आणि कोणत्या वाक्यावर प्रेक्षागृह हसेल याचा पुरता अंदाज दिग्दर्शकालाही नसतो. पंचविसाव्या प्रयोगाच्या सुमारास विराम पक्के होतात. आणि शंभरी गाठेपर्यंत काही नाटके मुरतात, तर काही हमखास टाळी वसूल करण्याच्या सवयीने सैल पडतात. नाटक चांगले होते की त्या रात्रीचा प्रयोग चांगला झाला, हे एकदाच पाहणाऱ्याला सांगता येत नाही, आणि तरीही तो दुसऱ्या दिवशी ठामपणे मत देतो. ख्यालगायनाला हे अधिकच लागू पडते, कारण तेथे बंदिश तीच असली तरी तिची बढत, म्हणजे सुरावटीचा क्रमाक्रमाने होणारा विस्तार, गवयाच्या त्या दिवसाच्या गळ्यावर, साथीदारांवर आणि समोरच्या श्रोत्यांवर अवलंबून असते. पुनर्भेटीसाठी जागा ठेवावयाची तर वेळापत्रकात रिकाम्या संध्याकाळी असाव्याच लागतात.

शहराच्या करमणुकीचे वार्षिक वेळापत्रक कोण्या एका समितीने आखलेले नाही, पण त्याला स्वतःचे तर्कशास्त्र आहे आणि ते जाणून घेणे हिताचे आहे. उन्हाळ्यात वसंत व्याख्यानमाला असते, जिची परंपरा न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८७५ साली सुरू केली. पावसाळ्यात नदीकाठी ढोल-ताशा पथकांचा सराव चालतो आणि महाविद्यालयांत एकांकिकांच्या तालमी रंगतात. गणेशोत्सवात नाट्यगृहांपेक्षा रस्तेच अधिक भरतात. दिवाळीत पहाटेच्या मैफली होतात. आणि थंडी पडली की उघड्या मैदानावरचे संगीत सुरू होते. व्यावसायिक नाटकांची गणिते वेगळी आहेत. नाट्यगृहांच्या तारखा, म्हणजे कोणत्या दिवशी कोणत्या वेळेचा खेळ कोणत्या संस्थेने करावयाचा याचे वाटप, आगाऊ ठरतात आणि शनिवार-रविवारसाठी निर्मात्यांत ओढाताण असते, त्यामुळे गाजलेले नाटक आठवड्याच्या मधल्या दिवशी क्वचितच सापडते. सापडलेच तर ते सोडू नये, कारण त्या दिवशी येणारा प्रेक्षक संख्येने थोडा असला तरी बहुधा नाटकासाठीच आलेला असतो.

थंडीतल्या या संगीतापैकी सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाविषयी मात्र सविस्तर लिहिले पाहिजे, कारण भाचीच्या वेळापत्रकात त्याच्या संध्याकाळी भरलेल्या आहेत आणि दुपारी मोकळ्या आहेत, आणि नेमकी तीच चूक आहे. ख्यालगायक सवाई गंधर्वांचे १९५२ साली निधन झाल्यानंतर त्यांचे शिष्य भीमसेन जोशी यांनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ पासून हा उत्सव चालवला. पुढे दीर्घकाळ तो रमणबाग शाळेच्या पटांगणात होत असे आणि रात्र-रात्र चालत असे, त्यामुळे मध्यरात्रीचा मालकंस किंवा पहाटेचा ललित त्याच्या ठरलेल्या प्रहरी, उघड्यावर, हजारो श्रोत्यांच्या संगतीत ऐकता येई. ध्वनिप्रदूषण नियंत्रणाचे नियम २००० साली आले, रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकास बंदी झाली, शासनाला वर्षातील मोजक्या दिवशी ही मुदत फार तर मध्यरात्रीपर्यंत वाढवता येते, आणि त्यामुळे रात्रभर चालणारी उघड्यावरची मैफल संपली. याविषयी जुने पुणेकर जे हळहळतात ते खोटे नाही. परंतु शेजारी आजारी माणूस असलेल्या घराच्या बाजूनेही विचार केला, तर नियम अन्यायाचा म्हणवत नाही. शिवाय या बदलाचा एक लाभ फारसा बोलला जात नाही. महोत्सव आता दुपारी सुरू होत असल्याने मुलतानी, पटदीप, भीमपलास, मधुवंती अशा दिवसाच्या उत्तरार्धातील रागांना हक्काची वेळ मिळाली, जी रात्रीच्या बैठकीत मिळणे शक्यच नव्हते. या वेळी बहुधा तरुण कलाकार गातात किंवा वाजवतात, मंडप अर्धाच भरलेला असतो, आणि नाव मिळवावयाचे असल्याने त्यांच्या मांडणीत राखून ठेवलेले काही नसते. तेव्हा एखाद्या दिवशी महाविद्यालयातून रीतसर रजा घेऊन पहिल्या सुरापासून बसावे. कार्यालये सुटल्यावर शेवटच्या नामवंतासाठी धावत येणाऱ्यांना उशिराचे पार्किंग आणि पुढच्याचे डोके एवढेच हमखास मिळते.

लहान सभागृहांकडे भाचीचे लक्ष गेलेले दिसत नाही. जंगली महाराज रस्त्यावरचे बालगंधर्व रंगमंदिर, जे २६ जून १९६८ रोजी बालगंधर्वांच्या जन्मतिथीस खुले झाले, ते शहराचे भूषण खरेच, आणि मध्यंतरात तेथील बटाटेवडा खाणे हा पुणेरी नाटकवेडाचा मान्य भाग आहे. परंतु शनिवार पेठेतील सुदर्शन रंगमंच किंवा हिराबागेजवळील ज्योत्स्ना भोळे सभागृह येथे प्रेक्षक नटाच्या इतका जवळ बसतो की, आवाज न चढवता उच्चारलेले वाक्यही पोचते, आणि अभिनयातला खोटेपणा लपवावयास जागा उरत नाही. तेथे काही प्रयोग फसलेले पाहावे लागतील. ते पाहावेत. विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ १६ डिसेंबर १९७२ रोजी भरत नाट्य मंदिरात प्रथम झाले, तेव्हा ते जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली हौशी कलावंतांनीच उभे केले होते. त्या रात्री प्रेक्षागृहात जे होते त्यांना आपण काय पाहत आहो याची हमी कोणी दिलेली नव्हती.

याच भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडक ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा होते. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३ पासून ती भरवत आली आहे. प्रयोगाआधी महाविद्यालयाचे समर्थक ‘आव्वाज कुणाचा’ अशी आरोळी ठोकतात, ती पहिल्यांदा ऐकणाऱ्यास असभ्य वाटते आणि थोड्याच वेळात तोही ओरडू लागतो. २०२२ साली परीक्षकांनी एकही एकांकिका पात्र न ठरवता करंडक कोणासही दिला नाही, आणि त्यावरून शहरात बराच वाद झाला; तो निर्णय पटो वा न पटो, विद्यार्थ्यांच्या नाटकाला कोणी एवढ्या गांभीर्याने मोजावे ही गोष्ट आनंदाची आहे. अंतिम फेरीच्या तिकिटासाठी झुंबड उडते, म्हणून प्राथमिक फेरीच पाहावी.

लावणीबाबत भाचीच्या पत्रात सरसकट केलेला एक शेरा मागे घेण्याजोगा आहे. मोठ्या नाट्यगृहांत ध्वनिमुद्रित गाण्यांवर होणारे झगमगीत कार्यक्रम आणि संगीत बारीतील लावणी यांत अंतर आहे. संगीत बारी म्हणजे गाणाऱ्या-नाचणाऱ्या स्त्रियांचा पेटी-तबला-ढोलकीच्या साथीचा स्वतंत्र ताफा, ज्यात वगनाट्य नसते. वगनाट्यासह गावोगाव फिरणारा तो ढोलकी फड. बैठकीच्या लावणीत कलावती जागेवर बसूनच एका ओळीचे निरनिराळे अर्थ नजरेने आणि हाताने दाखवते, याला अदा म्हणतात, आणि ही कला ख्यालातील बढतीहून कमी अवघड नाही. सोलापूर रस्त्यावरील चौफुला येथे संगीत बारीचे केंद्र आहे. मामीच्या सोबतीने तेथे एकदा जाण्याचा बेत आखता येईल.

गणेशोत्सवातील जिवंत देखाव्यांसाठी, म्हणजे मंडपाशेजारच्या मंचावर कार्यकर्ते ध्वनिमुद्रित संवादांवर जो छोटा प्रसंग एकाच रात्री अनेकदा करून दाखवतात त्यासाठी, तिकीट लागत नाही, फक्त चालण्याची तयारी लागते. रात्री साडेनऊचे नाटक सुटेपर्यंत मात्र मेट्रो बंद झालेली असते आणि मध्यरात्रीनंतर रिक्षाचा दर वाढतो, यास्तव परतीची सोबत आधी ठरवल्यावाचून रात्रीचा खेळ धरू नये. दुपारी साडेबाराचा प्रयोगही तोच असतो. भ्रमणध्वनी नुसता मुका न करता बंद करावा, कारण अंधारात उजळलेला पडदा मागच्या चार रांगांना दिसतो.

या डिसेंबरात मामी महोत्सवासाठी पुण्यास येणार असून गुडघ्यांमुळे तिला खुर्चीची व्यवस्था लागते, म्हणून तिचे खुर्चीचे तिकीट विक्री सुरू होताच काढून ठेवावे. भाचीने स्वतःसाठी मात्र भारतीय बैठकच घ्यावी, सोबत जाड सतरंजी व शाल न्यावी, आणि दुपारचा चहा मामीला नेऊन द्यावा.



मामा