आजीचा जन्म केव्हां झाला?

विद्यार्थिमित्रहो, आपल्या आजीची किंवा पणजीची जन्मतारीख तुम्हांस ठाऊक आहे काय? कागदांवर बहुधा "१ जून" आढळेल. पूर्वीं खेड्यांत जन्माची नोंद क्वचितच होई. शाळेंत नांव घालतांना गुरुजी अंदाजानें ती तारीख लिहीत. परंतु खरी तारीख वडील माणसांच्या बोलण्यांत दडलेली असते. ती शोधणें हा इतिहासाचा उत्तम पाठ होय.

माझ्या आजीचेंच उदाहरण घ्या. कागदोपत्रीं तिचा जन्म १ जून १९४६ चा. तिची आई मात्र सांगे, "पोळा होऊन गेला होता. रझाकारांच्या भयानें गांव पांगला. बसविलेला गणपती तसाच टाकून आम्ही रानांत गेलों. तेथें बाजरीच्या उभ्या पिकांत ही झाली. पांचवी पुजावयास घर नव्हतें. मग फौज आल्याचें कळलें, तेव्हां परतलों."

आतां हें बोलणें पडताळून पाहूं. जालना तेव्हां निजामाच्या हैदराबाद संस्थानांत, औरंगाबाद जिल्ह्यांतील तालुका होता. १५ ऑगस्ट १९४७ रोजीं देश स्वतंत्र झाला, तरी हें संस्थान भारतांत सामील झालें नव्हतें. कासीम रझवीच्या रझाकार संघटनेच्या जुलमामुळें अनेक कुटुंबांनीं गांव सोडलें. १३ सप्टेंबर १९४८ रोजीं भारतीय सैन्य संस्थानांत शिरलें आणि १७ सप्टेंबरला निजामानें शरणागती पत्करली. यासच लोक "पोलीस ॲक्शन" म्हणतात. त्या वर्षीं पोळा सप्टेंबरच्या आरंभीं आणि गणेशचतुर्थी ७ तारखेच्या सुमारास आली होती. म्हणजे आजीचा जन्म सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यांतला. कागदानें तिचें वय दोन वर्षांनीं वाढविलें होतें!

तुम्हीही असेंच विचारा: शेतांत कोणतें पीक होतें? कोणता सण जवळ होता? कोणती साथ आली होती? "मानमोडी" म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ. "बहात्तरचा दुष्काळ" म्हणजे १९७२ चा. निजामी अमलांतील कागदावर फसली सन असल्यास त्यांत सुमारें ५९० मिळवावे, म्हणजे इसवी सन येतो.

त्या रात्रीं पणजीजवळ कोणती सुईण होती, हें विचारावयाचें माझ्याकडून राहून गेलें. आतां पणजी नाहीं. तुमच्या घरीं सांगणारें माणूस अजून असेल, तर या सुटींत वही घेऊन प्रथम त्याच्यापाशीं बसा.