आदर्श पाठ : बंद दिसणाऱ्या उपकरणांची वीज

(इयत्ता ५ वी ते ७ वी; परिसर अभ्यास व गणित यांचा समवाय)

प्रस्तावना. धानोऱ्यासारख्या गावी दूरचित्रवाणीचा संच आता नवलाईचा राहिलेला नाही. रात्री कार्यक्रम संपला की रिमोटची कळ दाबली जाते, पडदा काळा होतो आणि संच बंद झाला असे घरची मंडळी समजतात. वस्तुतः संच व त्याच्या जोडीचा सेट-टॉप बॉक्स रिमोटच्या पुढील आज्ञेची वाट पाहत जागेच असतात. भिंतीवरील बटण बंद होईपर्यंत ते वीज घेतच राहतात.

प्रात्यक्षिक. विजेच्या मीटरवर एक लहान लाल दिवा लुकलुकतो. किती लुकलुकींस एक युनिट होते, तो आकडा मीटरवरच छापलेला असतो, उदाहरणार्थ, ३२००. सायंकाळी वडील माणसाने घरातील इतर सर्व उपकरणे थोडा वेळ बंद करावी आणि केवळ रिमोटने बंद केलेला संच व बॉक्स जोडलेले ठेवावे. मुलांनी दुरूनच दिवा पाहावा; मीटरला वा तारांना हात लावू नये, ही ताकीद शिक्षकाने आधीच द्यावी.

गणित. समजा, १५ मिनिटांत ८ लुकलुकी मोजल्या. तासाला ३२ झाल्या. म्हणजे एका युनिटाचा शंभरावा भाग, अर्थात १० वॉट. उपकरणे दिवसाचे २० तास अशीच राहिली तर ०.२ युनिट, पाच दिवसांत १ युनिट व महिन्यास ६ युनिटे व्यर्थ जातात. अशा ५० घरांची मिळून महिन्यास ३०० युनिटे होतात.

तारतम्य. रिकाम्या खोलीत चार तास फिरणारा ७५ वॉटचा पंखा ०.३ युनिट खातो. म्हणून आधी तो बंद करावा. चांगला मोबाइल चार्जर नुसता अडकवून ठेवला तर फारच थोडी वीज घेतो. त्यावरून घरात वाद नको. आजारी माणसाचा पंखा किंवा अभ्यासाचा दिवा बंद करणे ही काटकसर नव्हे.

हेतू. वीज फुकट निर्माण होत नाही. भुसावळनजीक दीपनगर येथे ती कोळसा जाळून होते. सरदार सरोवराच्या विजेत महाराष्ट्राचा वाटा २७ टक्के ठरला. त्या धरणाच्या बुडितक्षेत्रात ह्याच जिल्ह्यातील अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील ३३ गावे आली. कोणाचे तरी शेत व घर पाण्याखाली गेले, तेव्हा ही वीज निघाली. काळ्या पडद्यामागे ती वाया घालविणे केवळ पैशाचे नुकसान नव्हे, हे मुलांस उमगले तर पाठ सफल झाला.

शिक्षकास सूचना. वर्गात घरोघरची वीजबिले मागवून तुलना करू नये. एखाद्याच्या घरी संच नसेल, एखाद्याचे बिल थकले असेल. त्या बालकास खाली मान घालावी लागू नये. शाळेच्याच मीटरवर प्रयोग केल्यास हा प्रश्न उद्भवत नाही.

स्वाध्याय. (१) शाळा सुटल्यावर कोणती उपकरणे जोडलेली राहतात, त्याची यादी करा. (२) सात दिवस शाळेचे मीटर रोज ठराविक वेळी वाचून नोंद ठेवा. (३) पुढील सात दिवस शिक्षकांच्या देखरेखीखाली बटणे बंद ठेवून पुन्हा नोंदी घ्या व फरक काढा.