यादी परत पाठवते आहे

मुंबई

चि. सोनू,


तू दुकानातून आणलेल्या यादीचा फोटो मिळाला. रायझन ५ ५६०० प्रोसेसर, ए५२० चिपसेटचा मदरबोर्ड, १६ जीबीची एकच रॅम, आरएक्स ६५०० एक्सटी ग्राफिक्स कार्ड, ५०० जीबीची एसएसडी आणि शेवटी ‘कॅबिनेट विथ एसएमपीएस’. तुझ्या ७० हजारांच्या बजेटच्या बरंच आत बसतंय, म्हणून तू आजच आगाऊ रक्कम देणार होतास. देऊ नकोस. हे सगळं जोडलं तर मशीन चालू होईल, विंडोजही येईल, त्यात शंका नाही. पण भाग एकमेकांत बसले म्हणजे ते एकमेकांना पुरं काम करू देतील असं नसतं, आणि पैसे मोजके असतात तेव्हा हाच फरक सगळ्यात महाग पडतो.

आधी कामाचं बोलू. तू आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहेस. ऑटोकॅड आणि स्केचअप तुझ्या जुन्या लॅपटॉपवरही कसेबसे चालतात. अडतं ते रेंडरला, व्ही-रे आणि ब्लेंडरमध्ये. व्ही-रेचं ग्राफिक्स कार्डावरचं रेंडरिंग वर्षानुवर्षं एन्व्हिडियाच्या कुडावर उभं आहे, ब्लेंडरच्या सायकल्सलाही एन्व्हिडियाचं ऑप्टिक्स उत्तम वापरता येतं. म्हणून तुझ्या यादीची सुरुवात कार्डापासून व्हायला हवी. दुकानदाराने ती प्रोसेसरपासून केली आणि उरलेल्या पैशांत कार्ड बसवलं.

हे ६५०० एक्सटी नीट बघ. जानेवारी २०२२ मध्ये आलेलं हे कार्ड स्लॉटमध्ये पूर्ण लांबीचं दिसतं, पण १६ लेनपैकी फक्त ४ वापरतं. त्या चार लेन पीसीआयई ४.० च्या वेगाने चालल्या तर निभावतं. ए५२० बोर्ड मात्र ३.० च देतो, म्हणजे वेग तिथेच निम्मा झाला. कार्डाची स्वतःची मेमरी ४ जीबी. झाडं, फर्निचर आणि मोठ्या टेक्स्चर असलेला तुझा एखादा बंगला त्यात मावणार नाही. मग कार्डाला मदरबोर्डवरच्या रॅमकडे हात पसरावा लागेल आणि तेही त्याच चार लेनमधून. शिवाय व्हिडिओ एन्कोड करणारं हार्डवेअर या कार्डात नाही, तेव्हा वॉकथ्रू एक्स्पोर्ट करायचा सगळा भार प्रोसेसरवर. कार्ड आणि बोर्ड दोन्ही खरे, दोन्हींवर वॉरंटी, पण त्यांची ही जोडी तुझ्या कामाची नाही.

आरटीएक्स ३०६० बघ, त्यातही १२ जीबीचंच. त्याच नावाने ८ जीबीचंही विकलं जातं, म्हणून खोका वाचून घे. नवीन पिढीची काही कार्डं वेगाने त्याच्या पुढे आहेत, पण तुझ्या पैशांत ती ८ जीबीवर थांबतात. रेंडर थोडं सावकाश झालं तर रात्री लावून झोपता येतं. सीन मेमरीत मावलाच नाही तर जागून उपयोग नाही. पूर्ण वॉरंटीचं ३०६० मिळालं नाही तर मला सांग. वापरलेलं कार्ड माझ्याशी बोलल्याशिवाय घेऊ नकोस.

प्रोसेसर ५६०० च राहू दे. सहा कोर, बारा थ्रेड, तुला पुरे. पण बिलावर ५५०० आला तर परत कर. आकड्यात थोडाच फरक दिसतो, पण ५५०० ची कॅश निम्मी असते आणि तो पीसीआयई ३.० वरच थांबतो. ५६०० मध्ये अंगचं ग्राफिक्स नसतं हेही लक्षात असू दे. मॉनिटरची केबल कार्डाला लावायची, बोर्डावरच्या एचडीएमआयला नाही. आमच्या लॅबमध्ये नवी मुलं ‘डिस्प्लेच येत नाही’ म्हणत येतात, तेव्हा मी आधी केबल कुठे लावली आहे तेच बघते.

त्याला बोर्ड बी५५० चा घे, रॅमच्या चार खाचा असलेला. कार्डाच्या स्लॉटला ४.० मिळेल आणि दोन-तीन वर्षांनी हात मोकळा झाला की याच बोर्डावर आठ कोरचा ५७००एक्स बसवता येईल. एएम५ सॉकेट २०२२ पासून आहे, पुढची वाटचाल त्याचीच, हे खरं. पण त्याला डीडीआर५ च लागते, आणि बोर्ड व रॅम मिळून जे जास्तीचे पैसे जातील ते तुझ्या कार्डातून कापले जातील. तुझ्यासाठी आज ५६०० चं एएम४ सॉकेटच बरोबर, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता एक तपासणी तू स्वतः करायची, दुकानदाराच्या शब्दावर सोडायची नाही. बी५५० चे बोर्ड २०२० च्या मध्यात आले आणि ५६०० आला एप्रिल २०२२ मध्ये. दुकानात जुना माल पडून असेल तर त्याचा बायोस या प्रोसेसरला ओळखणार नाही. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलचं पान उघड. ‘सीपीयू सपोर्ट’ नावाचा तक्ता असतो. त्यात ५६०० ची ओळ शोध आणि शेवटच्या रकान्यात कोणत्या आवृत्तीपासून तो चालतो ते वाच. मॉडेलच्या नावात एखादं अक्षर किंवा ‘रेव्हिजन’ वेगळं असलं तर पानही वेगळं असतं, तेव्हा खोक्यावरून अक्षर न् अक्षर उतरव. नव्या मालाच्या खोक्यावर बहुधा ‘रायझन ५००० रेडी’चा स्टिकर असतो. नसला तर बायोस अपडेट करून द्या म्हणायचं, त्यात संकोच नको.

रॅम एकच १६ जीबीची नको, ८-८ च्या दोन, आणि त्या एकाच पाकिटातल्या. दोन असल्या की दोन्ही चॅनेल चालतात. प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसव. दाब देऊनही बसत नसेल तर जोर करू नकोस, आधी पाकीट वाच: डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींना पिना २८८ च, पण मधला काप वेगळ्या जागी असतो. मशीन सुरू झालं की बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी चालू कर, नाहीतर ३२०० च्या वेगाचे पैसे देऊन बरेचदा त्याहून कमीच मिळतो. एसएसडी ५०० जीबीचीच चालेल, फक्त एम.२ मध्येही साटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार असतात. एनव्हीएमई घे.

सगळ्यात जास्त राग मला आला तो त्या शेवटच्या ओळीचा. कॅबिनेटबरोबर फुकट येणाऱ्या एसएमपीएसवर ४५० वॉट छापलेलं असतं. आत काय आहे ते कुणी सांगत नाही. हिशोब कर. हा प्रोसेसर भरात असताना सुमारे ७६ वॉट घेतो, कार्ड १७०, बाकी पंखे, डिस्क, बोर्ड मिळून पन्नासेक. सवातीनशेच्या आत आपण आहोत. चांगल्या कंपनीचा ५५० वॉटचा, ८० प्लस ब्राँझ, निदान पाच वर्षं वॉरंटीचा एसएमपीएस वेगळा घे. ८० प्लस म्हणजे वीज किती वाया जात नाही एवढंच. टिकाऊपणा वॉरंटीच्या वर्षांवरून जोख. त्यातून आठ पिनांच्या दोन तऱ्हेच्या केबली निघतात, एकीवर सीपीयू लिहिलेलं, दुसरीवर पीसीआयई. सीपीयूची चार-चार अशी फुटते, कार्डाची सहा आणि दोन. दोन्हींमध्ये १२ व्होल्ट आणि ग्राउंडच्या जागा उलट असतात, म्हणून अदलाबदल कदापि नको.

तुझ्याकडचा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटचा असेल. मॉनिटर धरून रेंडरच्या वेळी तू त्याच्या काठावर जाशील आणि वीज गेली की तो तिथेच मान टाकेल. पुढच्या महिन्यात १००० व्हीएचा बघू, तोवर रेंडरचं मशीन त्यावर लावू नकोस. खोलीतल्या सॉकेटला अर्थिंग आहे का ते मात्र आधीच इलेक्ट्रिशियनकडून बघून घे.

कॅबिनेट समोरून जाळीचं हवं. काचेचं तोंड आणि रंगीत दिवे तुमच्या नागपूरच्या मे महिन्यात काही कामाचे नाहीत; तिथे ४५ अंशांत खोलीतली हवाच तापलेली असते. कार्डाची लांबी मिलिमीटरमध्ये लिहून ने आणि कॅबिनेटच्या माहितीत कमाल लांबी बघ. बोर्ड मायक्रो एटीएक्स म्हणजे २४४ बाय २४४, तो बहुतेक ठिकाणी बसतो.

एवढं करून ७० च्या वर गेलं तर ताईकडे मागू नकोस, मला कळव. मी लॅमिंग्टन रोडवर भाव विचारून ठेवते, म्हणजे तुला घासाघीस करायला आकडा हाताशी राहील. बिल एकत्र ‘असेंबल्ड पीसी’ असं घेऊ नकोस. प्रत्येक भाग वेगळ्या ओळीत, सीरियल नंबरसकट, कारण वॉरंटी प्रत्येक कंपनीकडे वेगळी मागावी लागते. नवी यादी बनवलीस की बोर्डाचं पूर्ण नाव आणि तो सीपीयू सपोर्टचा तक्ता यांचा फोटो पाठव. मी बघून हो म्हटलं की मगच पैसे दे.

ताई आणि भाऊजींना नमस्कार.

तुझी,
मावशी