नफ्यातला वाटा आधी कागदावर

धंदा नवा असतो तेव्हा वाटणीची बोलणी गोड वाटतात. नफा हाती आला की तंटे सुरू होतात. अमेरिकेतील प्रायव्हेट इक्विटी फंडांची रीत या बाबतीत समजून घेण्यासारखी आहे.

हे फंड इतरांच्या भांडवलावर कंपन्या विकत घेतात व काही वर्षांनी विकतात. भांडवलदारांना मुद्दल आणि बहुधा दरसाल ८ टक्के मिळाल्यावर नफ्याचा साधारण २० टक्के वाटा चालकांना जातो. त्याला ‘कॅरी’ म्हणतात.

कॅरीचे १०० भाग पाडतात. नव्या फंडात मोठा हिस्सा संस्थापकांकडे असतो. काही भाग पुढे येणाऱ्या माणसांसाठी राखतात. समजा, नफा ८० कोटी झाला आणि पूर्ण २० टक्के, म्हणजे १६ कोटी, कॅरी मिळाली. ५ भाग असलेल्या कर्मचाऱ्याचे ८० लाख झाले. पण हक्क दरवर्षी एक पंचमांश पक्का होणार असेल आणि तो ३ वर्षांनी निघून गेला, तर ४८ लाखच. तेही कंपन्या विकल्यावर. तोवर पगारावरच भागवायचे.

आपणही मुनीमाला किंवा कारागिराला वाटा देताना तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात: भाग किती, हक्क कधी पक्का, आणि मध्येच सोडल्यास काय. माणूस भरवशाचा आहे, मग लिखापढी कशाला, असे म्हणू नये. भरवसा टिकावा म्हणूनच ती करायची.