तो बॉक्स काढू नका

नेरूळच्या एका मंडळाच्या गणपतीच्या देखाव्याला आवाज देण्याचं काम माझ्याकडे होतं. पॅच, म्हणजे बॉक्स एकमेकांना जोडून केलेला प्रोग्रॅम, प्युअर डेटा या सॉफ्टवेअरमध्ये. टॅबवर ढोल, ताशा, झांज अशी बटणं. बटण दाबलं की ओएससी मेसेज वायफायवरून लॅपटॉपला. तिथे एकाखाली एक बॉक्स: नेटरिसीव्ह, ओएससीपार्स, लिस्ट ट्रिम, राउट. तालमीत सगळं चोख वाजलं. आदल्या रात्री इव्हेंटवाल्यांचा माणूस मला न विचारता लॅपटॉपवर बसला, पॅचची ‘साफसफाई’ केली, आणि चतुर्थीच्या सकाळी ढोल मुका.

वर सगळ्यांसमोर मलाच म्हणाला, “मॅडम, तुमचा पॅचच गंडलाय. फुकटचं सॉफ्टवेअर वापरलं की असंच होणार.” ज्या मिलर पकेट यांनी १९८०च्या दशकात पॅरिसच्या इर्कॅममध्ये मॅक्स हे सॉफ्टवेअर घडवलं, त्यांनीच पुढे प्युअर डेटा लिहिलं. फुकट आहे म्हणजे फालतू आहे, हे कोणी ठरवलं?

कन्सोलमध्ये एकही एरर नाही. आरतीची वेळ होत आलेली, कार्यकर्ते माझ्याकडे बघतायत. मी राउटच्या अगदी वर प्रिंट जोडला आणि ढोल दाबला. ओळ आली: ‘लिस्ट ढोल ८०’. तिथे ‘ढोल ८०’ एवढंच यायला हवं होतं. लिस्ट ट्रिम गायब! विचारलं तर म्हणतो, “तो काहीच करत नव्हता हो. आत जातं तेच बाहेर येतं.”

मेसेजचा पहिला शब्द म्हणजे सिलेक्टर, आणि राउट आधी तोच बघतो. इंडिकेटरवर ‘पनवेल’ऐवजी नुसतं ‘लोकल’ लागलं तर नेरूळचा माणूस गाडीत चढेल का? ओएससीपार्स पुढे ‘लिस्ट’ लावून देतो, ट्रिम ते काढतो. आकड्याने सुरू होणाऱ्या मेसेजला मात्र ‘लिस्ट’ हाच सिलेक्टर गृहीत असतो, त्यामुळे ‘राउट १ २ ३’ ट्रिमशिवायही चालतं. तेवढंच पाहिलेल्यांना ट्रिम बिनकामाचा वाटतो.

बॉक्स परत टाकला, ढोल वाजला. तरीही ‘तांत्रिक बिघाड’ म्हणून माझ्या बिलातून पैसे कापले. माफीचा शब्द नाही.

म्हणून सांगते. पॅचची प्रत स्वतःजवळ ठेवा, लॅपटॉपला पासवर्ड लावा, अर्धे पैसे आधी घ्या. ट्रिमशेजारी कॉमेंट लिहा: ‘हा काढू नये’. वाटेत कुठे लिस्ट प्रीपेंड किंवा लिस्ट अपेंड वापरलात, तर ‘लिस्ट’ पुन्हा चिकटते. शब्दावर राउट करायचं असेल तर त्याखाली पुन्हा ट्रिम हवाच. उलट ‘/ढोल/छडी ८०’ आलं, तर पहिल्या राउटमधून ‘छडी ८०’ निघतं, तिथे छडी हाच सिलेक्टर असतो. दुसरा राउट थेट जोडा.

आणि राउटच्या सगळ्यात उजव्या आउटलेटला कायम एक प्रिंट लावून ठेवा. न जुळलेलं सगळं तिथूनच बाहेर पडतं. राउटच्या लेखी ती चूक नसते, म्हणून तो एरर देत नाही.