पत्र्यावरील स्लॅबांत जाळी कोठें असावी?

काळी जमीन उन्हाळ्यांत वाळली म्हणजे भेगाळते, हें शेतकरी बंधूंस सांगावयास नको. भिंत लिंपण्याच्या मातींत भुसा कालवितात, तो या भेगा आवरण्यासाठींच. काँक्रीटचाही धर्म असाच आहे. तें वाळतांना आकसतें. १० मीटर लांबीमागें हें आकसणें सुमारें ३ मिलिमीटर धरतात. तेथें जाळी भुशाचें काम करते. भेग मुळींच पडूं न देणें तिच्यानें होत नाहीं. परंतु एका रुंद भेगेऐवजीं केसासारख्या बारीक भेगा पडून त्या विभागल्या जातात.

द्राक्षांच्या पॅकहाऊसची माडी लोखंडी तुळयांवर पन्हळी पत्रा अंथरून व त्यावर काँक्रीट ओतून करतां येते. पत्रा कायम राहतो व खालच्या सळ्यांचें काम करतो. यावरून कित्येकांची समजूत होते कीं, वरची जाळी केवळ नांवापुरती. ही समजूत घातक आहे. स्लॅब दोन तुळयांच्या मध्यें खालच्या अंगास ताणला जातो, पण तुळईच्या माथ्यावर तो वरच्या अंगास ताणला जातो. तेथें पत्रा उपयोगी पडत नाहीं.

आमच्या पाहण्यांतील एका माडीवर जाळी पत्र्यावरच निजलेली होती. वर्षाच्या आंत प्रत्येक तुळईवर सरळ भेग उमटली. फरशी धुतलेलें पाणी तींतून उतरून पत्र्यावर सांचलें व पत्रा गंजूं लागला. जाळीचा पैसा दिला होता. जागा चुकल्यानें तो वायां गेला.

आतां हिशेब पाहूं. स्लॅबची एकंदर जाडी १३० व पत्र्याची उंची ५० मिलिमीटर असल्यास वर ८० मिलिमीटर काँक्रीट राहतें. युरोपीय संहितेप्रमाणें, ओततांना पत्र्यास खालून टेकू नसल्यास या काँक्रीटच्या छेदाच्या किमान ०.२ टक्के, व टेकू असल्यास ०.४ टक्के लोखंड तुळयांवर असावें. म्हणजे मीटरभर रुंदींत १६० किंवा ३२० चौरस मिलिमीटर. पहिल्यास ६ मिलिमीटर सळीची, दुसऱ्यास ८ मिलिमीटर सळीची, १५० मिलिमीटर चौकडीची जाळी पुरते. रोज धुण्याच्या फरशीस याहून अधिक लागूं शकतें. तें इंजिनियराकडून ठरवून घ्यावें.

जाळी वरच्या पृष्ठभागाखालीं सुमारें २५ मिलिमीटर असावी. ६ मिलिमीटरच्या जाळीची दोन थरांची जाडी १२. म्हणून ८० मधून २५ व १२ वजा जातां ४३ मिलिमीटर उंचीच्या खुर्च्या पत्र्याच्या उंचवट्यांवर, दर दोन हातांवर ठेवाव्या. जोडावर दोन चौकड्या एकमेकींवर घ्याव्या. खांबांच्या व जिन्याच्या कोपऱ्यांशीं तिरप्या सळ्या घालाव्या.

मजुरांनीं जाळी तुडवूं नये म्हणून फळ्या टाकाव्या. काँक्रीट सैल व्हावें म्हणून जास्त पाणी घालूं देऊं नये. तेंच पुढें अधिक आकसतें. खालीं पत्रा असल्यानें ओल वरूनच उडते. म्हणून वैशाखांत किमान १० दिवस ओलीं पोतीं अंथरून ठेवावीं.

मुलकी दफ्तरांत आयुष्य गेलेल्या माणसास एक गोष्ट पक्की ठाऊक असते. कागदावरची नोंद व जागेवरची स्थिति जुळते कीं नाहीं, हें जागेवर जाऊनच कळतें. नकाशांत जाळी वर काढलेली असते. ती खरोखर वर आहे काय, हें काँक्रीट ओतण्यापूर्वीं व ओततांना प्रत्येक तुळईवर पट्टी लावून मालकानें स्वतः पाहावें. मागाहून पाहावयास मिळत नाहीं.