गाळ बसत नाही तेव्हा

भाच्या, सोसायटीच्या एसटीपीवर, म्हणजे मैलापाणी शुद्ध करण्याच्या प्लांटवर, लागलास, ऐकून फार बरं वाटलं. तीस वर्षं मी हेच काम केलं आणि त्यातल्या सगळ्या चुका करून झाल्या. तुला त्या पुन्हा करायला लागू नयेत म्हणून लिहितोय.

१. सकाळी आल्याआल्या एअरेशन टँकमधलं पाणी एक लिटरच्या सिलिंडरात भर आणि अर्धा तास सावलीत ठेव – उन्हात पाणी आतल्या आत फिरतं आणि आकडा फसवतो.

२. गाळ जितक्या मिलीवर बसला त्याला एमएलएसएसच्या, म्हणजे लिटरभर पाण्यातल्या गाळाच्या, ग्रॅमांनी भाग. 450 मिली आणि 3 ग्रॅम म्हणजे एसव्हीआय, गाळ किती फुगलाय याचा आकडा, 150. त्यावर चढायला लागला की जागा हो – आज सिलिंडरात फुगलेला गाळ उद्या बागेच्या पाइपातून येतो.

३. म्हणून लगेच हायपोच्या, म्हणजे क्लोरीनच्या, कॅनकडे मात्र धावू नकोस. मी धावलो होतो. गाळ फुगवणारे तंतुमय जिवाणू, म्हणजे तंतू, मेले, पण गाळ बांधणारे जिवाणू आणि तंतू खाणारे जीवही त्यांच्याबरोबर गेले. आठवडाभर पाणी ताकासारखं गढूळ राहिलं आणि महिन्याभरात तंतू परत हजर – कारण मूळ दुखणं तसंच होतं.

४. तंतूंशी सरसकट वैर धरू नकोस – थोडे तंतू गाळाच्या कणाला हाडासारखा आधार देतात. फक्त ते माजू नयेत – भिंतीवर वेल चालते, वेलीवर भिंत नाही.

५. वीजबिल वाचवायला रात्री ब्लोअर बंद करू देऊ नकोस, डीओ, म्हणजे पाण्यात विरघळलेला प्राणवायू, लिटरला 2 मिलिग्रॅमच्या आसपास राहू दे – हवा कमी पडली की कणाच्या आतले जिवाणू गुदमरतात, आणि तंतू बाहेर हात काढून असेल तो प्राणवायू ओढून घेतात.

६. परतीचा गाळ आणि नवं मैलापाणी सुरुवातीच्या छोट्या कप्प्यात एकत्र येऊ दे – भरल्या ताटावर गाळ बांधणारे जिवाणू भराभर जेवतात आणि हळूखाऊ तंतू उपाशी राहतात. प्रागच्या चुडोबा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे 1973 साली मांडलं. पहिली पंगत ज्याची, टाकी त्याची.

७. आठवड्यातून एकदा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली बघ. देठावर डुलणाऱ्या घंटा म्हणजे वोर्टिसेला, आणि डोक्यावर चाकं फिरल्यासारखी दिसतात तो रोटिफर. लेकेन इनर्मिस नावाचा रोटिफर तंतू शेवईसारखा आत ओढून खातो. पोलंडमध्ये क्राकोच्या यागिएलोनियन विद्यापीठातल्या संशोधकांनी त्यावर बरंच काम केलंय. मला तरी आपल्या कामातलं यापेक्षा सुंदर दृश्य ठाऊक नाही.

८. सफाईच्या ताईंना प्रेमाने सांग, ॲसिड आणि फिनाइलचे उरलेले डबे ड्रेनेजमध्ये ओतू नका – रोटिफरसारखे आपले राखणदार त्याने आधी मरतात.

९. टाकीवर तपकिरी, सायीसारखा घट्ट फेस आला तर बहुधा गॉर्डोनिया नावाचा तंतुमय जिवाणू. फेस काढून बाहेर टाक, परत टाकीत ढकलू नकोस – तण उपटून त्याच वाफ्यात कोण पुरतं? ऑइल ट्रॅप साफ ठेव आणि जादा गाळ रोज थोडा काढत जा – तेल आणि म्हातारा गाळ, दोन्ही त्याच्या आवडीचे.

१०. गॉर्डोनियाला मारणारे विषाणू, म्हणजे फाज, शास्त्रज्ञांनी अशाच गाळातून वेगळे केलेत. पण अशा फाजची बाटली घेऊन कुणी दारात आला तर आधी विचार, हे नेमकं कुठल्या जिवाणूवर चालतं – एक फाज ठरावीक यजमानाच्याच घरात शिरतो, आणि तुझ्या टाकीतला तंतू दुसराच असेल तर पैसे पाण्यात.

११. एका वेळी एकच बदल कर, वहीत तारीख टाक आणि थांब – गाळाचं वय पंधरा दिवस असेल तर फरक दिसायला महिना-दीड महिना जातो. या काळात वरचे लोक घाई करतील. त्यांना वही दाखव.

उद्या सकाळी पहिला सिलिंडर लाव आणि अर्ध्या तासाचा आकडा मला फोनवर कळव. मी वाट बघतोय.